शिरोरेषेखाली

माझा धंदा अक्षरांचा. दुकानांची नावं, नाटकांची पोस्टरं, प्रदर्शनाच्या कमानी, जिथे जिथे लांबून वाचता आलं पाहिजे तिथलं अक्षर मी काढते. मी कागदावर काढते आणि माझा मोठा भाऊ, दादा, ते लाकडात नाहीतर पत्र्यात कापतो. निदान तेव्हा कापत होता. मी झिजलेल्या अक्षरांचं काम का घेत नाही, असं तुम्ही विचारलंत. लोकांना तो माझा नखरा वाटतो. वाटू दे. घडलं ते सांगते, काय ठरवायचं ते तुम्ही ठरवा.

हल्ली मागणी त्याच अक्षराला आहे. जाड, ठळक, टोकाला ना शेपूट ना वळसा, ठोकळ्यासारखं सरळ. आमच्यात त्याला सॅन्स-सेरिफ म्हणतात. आणि ते झिजलेलं हवं असतं. कोपरे उडालेले, मधेमधे रंग गेलेला, जणू अर्धं आयुष्य उन्हापावसात काढलंय. दुकान कोरं करकरीत आणि कपाळावर अक्षर म्हातारं. फसवणूकच आहे, पण कवळी बसवण्याइतकीच. मी ती झीज संगणकावर आणते, दादा पॉलिशपेपर घासून. त्यातली मेख एवढीच की खरी झीज वाटेल तिथे होत नाही, तिला दिशा असते. ऊन वरून खातं. फरशी धुतानाचे शिंतोडे खालून खातात. येणाऱ्याजाणाऱ्यांचे खांदे मधोमध घासतात. झिजलेलं अक्षर नीट बघितलं तर त्याला काय लागत होतं ते कळतं.

बाईंचं काम आलं तेव्हा मला ते सोपं वाटलं होतं. बाई म्हणजे आमच्या गिऱ्हाईक. त्यांनी एक बंद पडलेला पोहण्याचा तलाव घेतला होता, छताखालचा, आणि त्याच्या रिकाम्या पोटात टेबलं मांडून खाण्याची जागा काढायची ठरवली होती. तलावाच्या खोल टोकाच्या भिंतीवर जुन्या रंगात दोन शब्द होते: खोल पाणी. बाई त्या अक्षरांच्या प्रेमातच पडल्या होत्या. जागेचं नावही तेच ठेवणार होत्या. पण नेमकी तीच भिंत फोडून स्वयंपाकघराचं दार काढायचं होतं, म्हणून अक्षरं तशीच्या तशी, पण मोठी, करून वर टांगायला हवी होती. शिवाय त्याच वळणाची सगळी मुळाक्षरं हवी होती, मेनूकार्डापासून संडासाच्या दारापर्यंत सगळीकडे वापरायला.

मी आणि दादा दुपारी शिडी आणि ट्रेसिंग पेपरची गुंडाळी घेऊन गेलो. तलावाचे राखणदार, ज्यांना सगळे मामा म्हणत, त्यांनी कुलूप काढून दिलं. छताला काचा होत्या, त्यामुळे उजेड भरपूर होता. तलाव रिकामा. पाणी जाऊन बरीच वर्षं झाली होती, तरी क्लोरीनचा वास होता. आपण उथळ टोकाच्या पायऱ्या उतरायच्या आणि चालत राहायचं. तळाला उतार आहे हे आधी पोटऱ्यांना कळतं. काठ हळूहळू कमरेशी येतो, मग खांद्याशी, मग डोक्यावरून जातो. बोललेला शब्द भिंतींना लागून थोडा उशिराने परत येतो. दादा म्हणाला की इथे जेवायला बसलेल्या माणसाला आपलंच चावणं दोनदा ऐकू येईल. एवढंच हसलो आम्ही तिथे.

अक्षरं उंचावर होती. मी शिडीवर चढून त्यांच्या तोंडासमोर आले. गुळगुळीत निळसर फरशीवर जाड काळ्या रंगाचे थर. चांगल्या हाताने काढलेली होती; रेघ कुठे बारीक नाही, कुठे जाड नाही. फरशीवर जुन्या पाण्याचा पिवळट डाग आडवा गेला होता, आणि अक्षरांची शिरोरेषा नेमकी त्या डागावर बसली होती. म्हणजे तलाव भरला असता तर अक्षरं पाण्यात आणि फक्त शिरोरेषा वर, अशी गत झाली असती. रंगाऱ्याला पाणी कुठवर येतं ते सांगायला कोणी नसावं.

मी कागद लावला आणि पेन्सिल आडवी धरून घासू लागले. ठसा उमटत गेला. शिरोरेषेची वरची कड धड होती. झीज सगळी खालून होती. अक्षरांच्या पोटातून वर वर येत शिरोरेषेच्या खालच्या कडेशी थांबत होती. ओरखडे म्हणावेत असं ते नव्हतं, घासून घासून रंग पातळ झाला होता. तीनचार पट्टे शेजारीशेजारी, मग थोडी मोकळी जागा, पुन्हा तीनचार पट्टे. मला वाटलं साफसफाईचा ब्रश असेल.

खाली उतरल्यावर मी मामांना सहज विचारलं की तलाव चालू असताना ही भिंत घासायला बरीच माणसं लागत असतील. मामा म्हणाले, तलाव चालू असताना ही अक्षरं नव्हतीच.

त्यांनी सांगितलं ते असं. तेव्हा तिथे एक शिंपी शिकायला यायचा. वयाने मोठा, पाठ धरली म्हणून डॉक्टरांनी पोहायला सांगितलेलं. पाण्यात चालत चालत तो उताराकडे गेला आणि पायाखालची जमीन संपली. तलावात माणसं होती. कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण तो ओरडला नाही. भिंतीजवळ उभा आहे, मान वर करून काहीतरी बघतोय, असंच सगळ्यांना वाटलं. त्या भिंतीला धरायला काही नव्हतं, सगळी फरशी. त्यानंतर तलाव उपसला. खोली दाखवणारी पाटी नाही म्हणून वरून खरमरीत पत्र आलं, म्हणून रंगारी बोलावून ही अक्षरं काढली. पण पुन्हा चालू करायची परवानगी कधी मिळालीच नाही.

"म्हणजे ही रंगवल्यापासून पाणी भरलंच नाही?" मी विचारलं.

"थेंबही नाही," मामा म्हणाले. "आणि ब्रश कशाला लागतोय? शिडी तुम्हीच पहिली आणलीत."

मी मान डोलावली आणि कागद गुंडाळला. रंग हलका असेल, ओल आली असेल, असं काहीतरी स्वतःला सांगितलं. कामाच्या माणसाला कारण हाताशी लागतं.

पुढचे काही दिवस मी मुळाक्षरं बांधली. चार अक्षरांवरून सगळं कुटुंब उभं करायचं, तर झीजही त्याच घराण्याची हवी. म्हणून ठशातले पट्टे मी उचलून बाकीच्या अक्षरांत खालून वर असेच बसवले. काम बरं झालं. फाइल बाईंना पाठवली, त्या खूश झाल्या. 'खोल पाणी' ही अक्षरं प्रत्यक्ष आकारात कापायला दादाकडे गेली.

दादाचं वर्कशॉप त्याच्या घराच्या मागे. वर पत्रे, एका बाजूला लाकूड रचायला माळा, मधे कापायचं मशीन. उंचावर लागणारं अक्षर खालूनच जोखायला हवं, हा आमचा नियम. म्हणून अक्षरं कापून, रंग देऊन, एका लांब पट्टीला अडकवून दादाने ती मागच्या भिंतीवर उंच दोरीने टांगली. झीज नंतर करायची होती. आधी नुसती जाडी डोळ्यांना बरी वाटते का, ते बघायचं.

मग वहिनीचा फोन आला. तक्रार अशी नव्हती, गंमतच सांगितल्यासारखी होती. दादा आता दुपारचं जेवण माळ्यावर घेतो म्हणे. ताट वर द्यावं लागतं. "पाळलेलं कबूतर झालंय आमचं," ती म्हणाली. मीही हसले. नंतर कळलं की तो डुलकीही वरच काढतो, आणि हिशेबाला, फोनला, कशालाही वरच बसतो. खाली फक्त मशीनवर काम असेल तेवढा वेळ उतरतो, आणि मधेमधे शटरबाहेर जाऊन उभा राहतो.

मी गेले तेव्हा तो जरा ओढलेला दिसला. वाक्यं छोटी झाली होती. दोन शब्द बोलायचा, थांबायचा, पुढचे दोन बोलायचा. बोटांची टोकं पांढरी पडून सुरकुतली होती, धुणं धुवून झाल्यावर होतात तशी. मी विचारलं तर थिनरमुळे असेल म्हणाला. वहिनीने त्याला बळेच डॉक्टरांकडे नेलं होतं. छाती साफ निघाली. दवाखान्यात त्याला काहीच होत नव्हतं, उलट जिना चढताना तो वहिनीच्या पुढे होता.

"दादा, काम लांबणीवर टाकू या का?" मी विचारलं.

"काम नाही गं…" तो वर बघत म्हणाला. "ती रेघ आहे ना… तिच्या वर नाक काढलं की बरं वाटतं. खाली जरा… दाटतं."

मी त्याच्या नजरेबरोबर वर बघितलं. चार जाड काळी अक्षरं आणि त्यांच्या डोक्यावरून गेलेली एक सरळ रेघ. माळ्याची फळी त्याच उंचीवर होती. तिथे बसलेल्या माणसाचं तोंड रेघेच्या वर येत होतं. मी हे बघितलं आणि त्याचा अर्थ लावला नाही. रंगाचा वास वर कमी येत असेल, असं म्हणाले आणि पंखा लावायला सांगून घरी आले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी अक्षरं शेवटची बघायला म्हणून गेले. भर दुपार होती. रस्त्यावर माणसं होती, समोरच्या दुकानात रेडिओ चालला होता. वर्कशॉपचं शटर अर्धं वर होतं. मी वाकून आत शिरले. मशीन नुसतंच फिरत होतं, त्याच्यावर लाकूड नव्हतं. दादा मागच्या भिंतीशी उभा होता, अर्धा माझ्याकडे वळलेला. मान मागे टाकलेली, नजर वर. दोन्ही हात बाजूंना पसरलेले, आणि तळवे हळूहळू खाली दाबत होता, पुन्हा वर आणत होता, पुन्हा खाली दाबत होता. मला वाटलं अक्षरांचा तोल बघतोय. हाताने माप घ्यायची त्याला सवय आहे.

मी विचारलं, "वाकडी लागलीत का रे?"

मी मशीन बंद केलं. मग आतला कसलाच आवाज उरला नाही. रेडिओचा आवाजही जाड कापडातून यावा तसा येत होता. दादाचं तोंड उघडत होतं, मिटत होतं, उघडत होतं. त्यातून हवा आतही जात नव्हती आणि बाहेरही येत नव्हती. त्याचे डोळे माझ्यावर नव्हतेच. आणि मला मामांचं ते बोलणं आठवलं, भिंतीजवळ उभा आहे, काहीतरी बघतोय असं सगळ्यांना वाटलं.

मी धावले असं म्हणणार होते, पण धावता आलं नाही. शटरापासून आत दोन पावलं नीट पडली. पुढे पाय उचलायला वेळ लागू लागला. साडी मांड्यांना चिकटून मागे ओढत होती. ती कोरडी होती, मी हात लावून बघितलं. कानांत दडे बसले. मी दादाचा दंड धरून ओढला, तर तो हलला, पण जड, सुस्त, आणि जिथून हलवला तिथेच परत आला. माझ्याही छातीवर कोणीतरी तळवा ठेवल्यासारखं झालं. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि आवाज निघाला नाही.

वहिनी घरातून ताट घेऊन येत होती. तिने काय बघितलं असेल, ते तिला अजून नीट सांगता येत नाही. आम्ही दोघं भिंतीशी उभे राहून वर बघत होतो, एवढंच ती म्हणते. पण तिने ताट खाली ठेवलं, आमच्याकडे आलीच नाही. बाजूच्या शिडीवरून सरळ माळ्यावर चढली. रेघेच्या वर बरं वाटतं, हे तिने दादाकडून रोज ऐकलं होतं.

"रेघ…" ती वरून म्हणाली. तिचा आवाज मला लांबून आला. "ती रेघ खाली घेते. तुम्ही धरा त्यांना."

तिने दोरी सोडली. सगळी एकदम सोडली नाही, दोन्ही हातांनी धरून सोडत आली. अक्षरं भिंतीला घासत खाली येऊ लागली. रेघ दादाच्या डोक्यावरून उतरली, कपाळाशी आली, डोळ्यांशी आली. मी त्याला धरून होते. रेघ त्याच्या नाकाखाली गेली आणि त्याच क्षणी त्याने श्वास घेतला. तसा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता, फाटक्या भात्यासारखा. मी त्याच्यापेक्षा बुटकी. माझा श्वास त्याच्यानंतर आला.

"आणखी खाली," मी म्हणाले. "जमिनीला टेकव."

ती टेकली. मग आडवी पडली. दादा खाली बसला आणि बराच वेळ खोकत राहिला. काही पडलं नाही. फरशी कोरडी होती, त्याचे केस कोरडे होते. समोरचा रेडिओ पुन्हा नीट ऐकू येऊ लागला, कुठल्यातरी साबणाची जाहिरात चालली होती. वहिनी शिडीच्या तळाशी बसून राहिली. हातांना दोरीचे वळ उठले होते, त्यावर ती फुंकर घालत होती.

अक्षरं आमच्यामध्ये पालथी पडली होती. ती उलटवली ती मीच. खालच्या अर्ध्या भागात रंग गेला होता. तीनचार पट्टे शेजारीशेजारी, मोकळी जागा, पुन्हा पट्टे, शिरोरेषेच्या कडेपर्यंत.

"झीज छान केलीस," मी म्हणाले. काहीतरी बोलायला हवं होतं.

दादाने बघितलं. मग स्वतःच्या बोटांकडे बघितलं.

"मी अजून… हात नाही लावला," तो म्हणाला. "उद्या करणार होतो."

अक्षरं आम्ही आडवीच उचलली, आडवीच बाहेर नेली आणि करवतीने तुकडे केले. तुकडे करताना दादा बाहेर रस्त्यावर उभा होता. त्याने नंतर ते वर्कशॉप विकलं. आता तो एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर राहतो आणि बसल्याबसल्या करायची बारीक कामं करतो. तब्येत उत्तम आहे. फक्त खोलीत शिरल्यावर तो आधी भिंतींवर काही लिहिलेलं आहे का ते बघतो, आणि असेल तर दारातच थांबून बोलतो.

मी बाईंना कळवलं की भाऊ आजारी आहे, काम जमणार नाही. त्यांना वाईट वाटलं, पण अडलं काहीच नाही. अक्षरांची फाइल त्यांच्याकडे होती. त्यांनी दुसऱ्याकडून कापून घेतली, दादाने केली होती त्याच्या दुप्पट मोठी, पत्र्यात. सगळी जागा माझ्याच मुळाक्षरांनी सजवली. मी दोनदा जाऊन सांगितलं. काय सांगणार होते? मी एवढंच म्हणाले की मोठी अक्षरं वर टांगू नका, जमिनीवर ठेवा, काठाला टेकून.

"जमिनीवर ठेवून कोण वाचणार?" बाई म्हणाल्या. त्या सभ्य होत्या. त्यांनी मला वर चहाही पाजला.

जागा उघडली त्या दिवशी मी गेले नाही. संध्याकाळ व्हायच्या आत बाईंचाच फोन आला. आवाज आनंदाने भरून आला होता. पाय ठेवायला जागा नव्हती, घरंच्या घरं आली होती, मुलंबाळं, म्हातारी माणसं, सगळे तलावात उतरले होते, आणि तुमची अक्षरं बघून जो तो थांबत होता. मी विचारलं, अक्षरं कुठे लावलीत?

"छतालगत," त्या म्हणाल्या. "सकाळी जरा खाली होती. डोक्यावर आल्यासारखी वाटत होती, म्हणून पाहुणे यायच्या आधी आणखी वर चढवून घेतली. थांबा, फोटो पाठवते. सगळे कसे मस्त वर बघतायत."

"त्यांना बाहेर काढा," मी म्हणाले.

"ऐकू नाही आलं," बाई म्हणाल्या. "इथे आवाज जरा… दबल्यासारखा येतोय." आणि फोन बंद झाला.

मी पुन्हा लावला. वाजत राहिला, कोणी उचलला नाही. मग फोटो आला.

फोटो वरून, काठावरून काढलेला होता. तलाव माणसांनी भरलेला. सगळ्यांच्या हनुवट्या वर होत्या, बाई म्हणाल्या ते खरं होतं. पण अक्षरांकडे कोणीच बघत नव्हतं. नजरा सरळ, समोर, कुठेच नसलेल्या, फक्त हनुवट्या उचललेल्या. मी फोटो मोठा करून बघितला. टेबलांमधल्या मोकळ्या जागेत पाय दिसत होते. माणसं गप्पा मारत होती, हसत होती, कोणाच्या हातात पेले होते, आणि एकूण एक जण चवड्यांवर उभा होता.

मुलं मला आधी दिसलीच नाहीत. मग दिसली. बापांच्या खांद्यांवर, आयांच्या ताणलेल्या हातांत, डोक्याच्याही वर धरलेली. खेळायला तिथे केवढी तरी मोकळी फरशी होती, आणि एकाही आईने मूल खाली सोडलेलं नव्हतं.